स्त्रीबीजदानातील माझे योगदान

दान हे आपल्याकडे सर्वश्रेष्ठ कर्म मानलं जातं. त्याची पद्धतही ठरलेली आहे. दान एकाने करायचं, संगमरवरी पाटीवर नाव दुसऱ्याचं कोरायचं आणि पाटीवरचा पडदा तिसऱ्याने ओढायचा. या तिघांपैकी पहिला माणूस सहसा समारंभाला नसतो. तो घरी पडलेला असतो, कारण दिलेली वस्तू त्याच्या अंगातून गेलेली असते.

मी सुशांत काळमेघ, वय सदतीस, जबलपूर येथील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आवक-जावक शाखेत काम करतो. (आवक म्हणजे येणारे कागद, जावक म्हणजे जाणारे. मधल्या काळात कागद कुठे असतो, हे विचारण्याची पद्धत नाही.) राहणार चेरीताल. मागच्या वर्षी माझी पत्नी प्रणोती हिने स्त्रीबीजदान केलं, म्हणजे साध्या भाषेत ती एग डोनर झाली. या कामी माझं योगदान काय होतं, ते मी इथे नोंदवून ठेवतो आहे. दुसरं कोणी नोंदवील असं दिसत नाही.

एका रविवारी सकाळी मी पोहे खात असताना तिने हे सांगितलं. पुढच्या महिन्यात करायचं आहे, ओमती चौकाच्या पुढे जे केंद्र आहे तिथे बोलून आले, दहा-अकरा दिवस इंजेक्शनं असतात, मग एक दिवस बेशुद्ध करून सुईने बीजं काढतात, असं सगळं एका दमात. मी विचारलं, "काहून?" हा माझा पहिला प्रश्न होता, आणि पुढचे बरेच दिवस तो एकमेव राहिला.

ती खाजगी शाळेत गणित शिकवते. तिच्याच शाळेत विनीता मॅडम हिंदी शिकवतात. त्यांचे नऊ वर्षं उपचार चालू होते आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या बीजाने होणार नाही, दुसऱ्या कोणाचं मिळालं तर बघू. विनीता मॅडमनी ही गोष्ट स्टाफरूममध्ये डबा खाता खाता सांगितली, गॅसचा नंबर लागला नाही म्हणावं तशी. प्रणोतीने केंद्रात जाऊन विचारलं की मी त्यांना देऊ का. तसं चालत नाही म्हणाले. कोणाचं कोणाला गेलं हे दोघींनाही कळू द्यायचं नसतं. मोबदलाही नसतो, फक्त विमा असतो. तेव्हा ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी पोह्यांवर बोलली.

"मी विनीतादीदींना देऊ शकत नाही, मान्य," ती म्हणाली. "पण कोणीतरी कोणाला तरी दिल्याशिवाय त्यांचा नंबर कसा लागेल?"

या युक्तिवादात मी चूक शोधली. सरकारी नोकरीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला चूक सापडत नाही असं सहसा होत नाही, पण सापडली नाही. चूक सापडत नसेल तर काय करायचं हे मला नोकरीने शिकवलं आहे. मी प्रकरण विचाराधीन ठेवलं.

केंद्राने तिला एक छापील कागद दिला होता. वय तेवीस ते पस्तीस, स्वतःचं तीन वर्षांवरचं मूल असावं, आयुष्यात एकदाच देता येईल, सातपेक्षा जास्त बीजं काढणार नाहीत. प्रणोतीचं वय एकतीस, आमची क्षमा पाच वर्षांची. प्रत्येक अटीत ती बसत होती. 'पतीची परवानगी' असा रकाना मी कागदाच्या दोन्ही बाजूंना शोधला. नव्हता. छपाईत राहून गेला असावा असं धरून मी पुढे चाललो आणि परवानगी देण्याच्या तयारीला लागलो.

परवानगी देण्याआधी माणसाने आपल्या मनाचा कौल घ्यावा. मी घेतला. मनात तीन आक्षेप होते. एक, होणारं मूल अर्धं प्रणोतीचं असेल आणि माझं मुळीच नसेल. दोन, ते मूल क्षमापेक्षा हुशार निघालं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? (हा आक्षेप मी कोणाजवळ बोललो नाही.) तिसरा आक्षेप असा की, तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. खरं तर पहिले दोन आक्षेप मी तिसऱ्याच्या सोबतीला आणले होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेणं ओघाने आलं. आमचे बाबा, भाऊराव, दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. तिथून एकही तोफगोळा त्यांच्या विभागाच्या शिक्क्याशिवाय बाहेर जात नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तपासणी कोण करते?"

प्रणोतीने तपासण्यांची यादी दाखवली. रक्त, साखर, थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही, थॅलेसेमिया, सोनोग्राफी, आणि बीजं किती शिल्लक आहेत याचीही एक चाचणी. बाबांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. मग म्हणाले, "आमच्या गोळ्याची एवढी तपासणी नव्हती होत, बेटा." आणि माझ्याकडे वळून पुढे म्हणाले, "लग्नाआधी तुझी केली असती तर हे लग्न नसतं झालं."

रिपोर्ट आले तेव्हा सगळ्याच्या सगळ्या चाचण्यांत ती उत्तीर्ण होती. बाबांनी ते रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर पसरून एकेका कागदावर पेन्सिलने 'पास' लिहिलं. त्यांना निवृत्तीनंतर इतक्या आनंदात मी पाहिलं नव्हतं.

आईचं वेगळं होतं. आमची आई, राधाबाई, शुद्ध शाकाहारी. केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी प्रणोतीला प्रोटीन वाढवायला सांगितलं आणि त्या यादीत पहिल्या क्रमांकावर उकडलेलं अंडं होतं, रोज दोन. यावरून घरात जो पेच उभा राहिला, त्याची उकल अजून कुठल्याही शास्त्रात झालेली नाही. घरातून बीज बाहेर जाण्याला आईचा आक्षेप नव्हता, अंडं आत येण्याला होता. शेवटी तोडगा निघाला. मागच्या बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, आणि प्रणोतीने ते तिथेच उभ्याने खायचं. मला या व्यवस्थेचं पर्यवेक्षण देण्यात आलं. तिला एकटं वाटू नये म्हणून मीही रोज दोन खाऊ लागलो. अकरा दिवसांत माझं वजन दोन किलोने वाढलं. केंद्राच्या कागदांत याची नोंद नाही.

आईचा खरा प्रश्न मात्र पाचव्या दिवशी, मटार सोलता सोलता, बाहेर आला. ती म्हणाली, "उद्या ते लेकरू आपल्या क्षमासारखंच दिसलं तर? आणि बाजारात पुढ्यात आलं तर?"

मी उत्तर जुळवत होतो. प्रणोतीने मटाराची शेंग खाली ठेवली.

"तर दिसू द्या, आई," ती म्हणाली. "कोणाच्या तरी बोटाला धरून चालत असेल ना."

आईने आपल्या पुढ्यातले सोललेले मटार प्रणोतीच्या भांड्यात ओतले. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतलं पातेलं घासलेलं मिळालं. ते कोणी घासलं, याची मी चौकशी केली नाही. काही कागद मधल्या काळात कुठे होते हे न विचारणंच बरं.

नातेवाइकांत ही बातमी पसरायला नको होती, आणि मी ती पसरवलीही नाही. मी फक्त अकरा जणांना सांगितली आणि प्रत्येकाला बजावलं की कोणालाही सांगू नका. त्यातल्या सात जणांनी ते पाळलं नाही. उरलेल्या चौघांना मुळात नीट ऐकू आलं नव्हतं. नागपूरहून बेबीआत्याचा फोन आला. तिचं म्हणणं, द्यायचंच होतं तर आपल्यातल्यांनाच मिळेल असं बघावं. बाबांनी तिला विचारलं की तुझ्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या होत्या, त्यांच्यावर काय लिहिलं होतं. त्यानंतर आत्याने आठ दिवस फोन केला नाही. घरात ती शांतताही दानातच जमा धरण्यात आली.

इंजेक्शनं सुरू होण्याआधी केंद्रात समुपदेशन असतं. पतीनेही यावं, सक्ती नाही, असं त्यांनी कळवलं होतं. मी अर्थातच गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात पेन ठेवलं, कारण परवानगी लेखी द्यावी लागणार होती.

समुपदेशन करणाऱ्या बाईंचं नाव अमिता. तिथे सगळे त्यांना दीदी म्हणतात. त्यांनी फॉर्म उघडला आणि प्रणोतीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी मदतीच्या भावनेने उत्तरं देऊ लागलो.

रक्तगट? मी म्हणालो, बी पॉझिटिव्ह. प्रणोती म्हणाली, ओ पॉझिटिव्ह. (बी माझा आहे.) कशाची ॲलर्जी? मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, सल्फाची, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अंगावर फोड आले होते. छंद? मी म्हणालो, स्वयंपाक. ती म्हणाली, बुद्धिबळ, कॉलेजात विद्यापीठाच्या संघात होते. दीदींनी लिहिताना मान वर केली नाही. त्यांच्यासमोर असे पती बरेच येऊन जात असावेत.

मग त्यांनी विचारलं, "अब तक कितनी बार गर्भ ठहरा?"

"एक," मी म्हणालो.

"दो," प्रणोती म्हणाली.

पहिल्या वेळचं ते क्षमाच्या दोन वर्षं आधीचं. नवव्या आठवड्यात गेलं होतं. त्या वेळी मी दिल्लीला टिपणी व मसुदालेखनाच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला होतो, शेवटी विभागीय परीक्षा होती. मला ते माहीत नव्हतं असं नाही. फोनवर ती म्हणाली होती की झालं, आता ठीक आहे, तुम्ही अभ्यास करा. मी तसं नोंदवून घेतलं होतं. आमच्या शाखेत ज्या कागदावर 'ठीक आहे' असा शेरा असतो तो कपाटात जातो, आणि कपाटातला कागद पुन्हा काढायला अर्ज करावा लागतो. तिने अर्ज केला नव्हता.

दीदींनी 'दोन' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. यापुढची उत्तरं मी दिली नाहीत.

शेवटी संमतीपत्र आलं. मी पेन काढलं. दीदींनी कागद प्रणोतीसमोर ठेवला. तिने तीन ठिकाणी सह्या केल्या. मी विचारलं की माझी परवानगी कुठे आहे. दीदी अतिशय सौजन्याने म्हणाल्या, "सर, संमती इनकी है. आप चाहें तो गवाह में कर दीजिए." आमच्या केंद्रात दोन साक्षीदार लागतात, कोणीही चालतं, असंही त्यांनी सांगितलं. पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही झालेली होती. ती तिथल्या लिफ्टवाल्याची होती. शालिग्राम नावाच्या त्या सद्गृहस्थांच्या खाली, साक्षीदार क्रमांक दोन म्हणून, मी पूर्ण नाव लिहून सही केली. तीन आठवडे विचाराधीन असलेली परवानगी अशा रीतीने निकाली निघाली.

परतताना ओमतीच्या सिग्नलला स्कूटर थांबली. मी मागे न बघता विचारलं, "त्या वेळी सांगितलं काहून नाही? की तुला मी तिथे हवा होतो?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाले, परीक्षा झाली की बोलू."

सिग्नल हिरवा झाला. मागचा ऑटोवाला भोंगा वाजवू लागला.

परीक्षेत मी उत्तीर्ण झालो होतो, एवढं नमूद करतो.

यानंतर माझ्या योगदानाचा दुसरा टप्पा सुरू होतो. मी ठरवलं की इंजेक्शनं आपणच द्यायची. ती पोटाच्या कातडीखाली, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी द्यायची असतात. दाता एकटा पडू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी मोबाइलवर सात व्हिडिओ बघितले. सराव म्हणून दोन लौक्या, म्हणजे दुधी भोपळे, आणल्या आणि चार दिवसांत त्यांना एकूण एकोणीस इंजेक्शनं दिली, अर्थात पाण्याची. लौकी शांत होती. कोन पंचेचाळीस अंशांचा, हात स्थिर, चेहऱ्यावर स्मित. बाबांनी लौकीचं निरीक्षण करून मला सशर्त पास केलं. त्यातल्या एका लौकीची भाजी आईने केली, ती थोडी पाणचट झाली.

पहिल्या दिवशी सगळं घर हॉलमध्ये जमलं. मी हात धुतले, सुई लावली, कापूस घेतला. प्रणोतीने कुर्ता थोडा वर केला. लौकीला पोट नसतं, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आणि त्या पोटावर क्षमाच्या वेळची आडवी खूण होती, तीही मी पाच वर्षांत बहुधा पहिल्यांदाच उजेडात बघत होतो.

यापुढचं मला इतरांकडून कळलेलं आहे. क्षमा म्हणाली, "पापा गिर गए." बाबांनी माझे पाय वर धरले. आईने कांदा आणला. प्रणोतीने घड्याळात बघितलं, वेळ झाली होती. तिने माझ्या हातातून सिरिंज सोडवली, नवी सुई लावली, स्वतःच्या पोटात इंजेक्शन घेतलं, कापूस दाबला, आणि मग माझ्या तोंडावर पाणी मारलं. हा क्रम बरोबर होता. त्यापुढचे दहाही दिवस तिने तो एकटीनेच पार पाडला. मी कापूस देत असे, तोंड दुसरीकडे करून.

त्या दिवसांत ती रोज शाळेत गेली. एक दिवसाआड सकाळी सोनोग्राफीला जात असे, तिथून थेट पहिल्या तासाला. पोट फुगलं म्हणून ड्रेस बदलून साड्या नेसू लागली. सहाव्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ती रडली. मी लगेच म्हणालो की भाजी चांगली आहे. ती म्हणाली की भाजीसाठी नाही रडून राहिले. मी भाजी संपवली.

शेवटच्या दिवसासाठी मला रजा हवी होती. आमच्या कार्यालयात अर्ज हिंदीतच द्यावा लागतो आणि कारण खरं लिहावं लागतं. शब्दकोश बघून मी लिहिलं, 'पत्नी के डिंबदान में सहयोग हेतु एक दिन का आकस्मिक अवकाश'. गोपनीयतेसाठी वर 'गोपनीय' असा शिक्का मारला. त्यामुळे तो अर्ज कार्यालयाच्या तिन्ही शाखांनी वाचला. शाखा अधिकाऱ्यांनी डिंब म्हणजे काय ते विचारलं. मी दार लावून सांगितलं. राजभाषा कक्षाने इंग्रजी शब्द टाळून शुद्ध हिंदी पर्याय वापरल्याबद्दल सूचना फलकावर माझं नावानिशी अभिनंदन केलं. दुपारी कँटीनवाल्याने हळूच विचारलं, "भैया, सुना है कुछ अंडे का मामला है?" मी म्हणालो, घरगुती आहे. त्याने समजुतीने मान हलवली. रजा मंजूर झाली, एक दिवस.

त्या सकाळी साडेसातला आम्ही केंद्रात पोचलो. तिला आत नेलं. मला बाहेरच्या हॉलमध्ये बसायला सांगितलं, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे म्हणाले. मी थर्मास मांडीवर घेऊन बसलो. भिंतीवर एका गुबगुबीत बाळाचा फोटो होता. समोरच्या खुर्च्यांवर तीन-चार पुरुष बसलेले होते. प्रत्येकाने मोबाइल हातात धरलेला आणि कोणाचंच त्यात लक्ष नव्हतं.

शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. चाळिशीचे, अंगात नवा कोरा सदरा, घडीच्या खुणा अजून तशाच. पहाटेच्या बसने सिहोऱ्याहून आले होते, तिथे त्यांचं धान्याचं दुकान आहे, नाव चिराग. दोन मिनिटांनी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आप किस तरफ़ से हैं? देने वाले, कि लेने वाले?"

नियमाप्रमाणे मी काहीही सांगायचं नव्हतं. अकरा जणांना सांगून झालेल्या माणसाला बारावा किती जड जाईल? जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. देणारे आम्ही, असं सांगायचं होतं, आम्ही या शब्दावर जोर देऊन. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो उत्तराची वाट बघत होता, आणि उत्तर मिळू नये असंही त्याला वाटत असावं.

"बस, साथ में आया हूँ," मी म्हणालो.

या सगळ्या प्रकरणात मी नीट केलेलं काम हे एवढंच. आणि ते खोटं नव्हतं.

ते बोलत राहिले. लग्नाला चौदा वर्षं झाली. घरात दोन भावांची मिळून पाच मुलं आहेत. बायको सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते, सगळ्यांना स्वेटर विणते. आज कोणाचं तरी मिळणार आहे असं कळलं म्हणून ते आले होते. कोणाचं ते सांगत नाहीत. सांगूही नये, ते म्हणाले, सांगितलं तर माणूस पाया पडायला जाईल आणि त्या बाईला उगीच संकोच. मग त्यांनी विचारलं, "आपकी जो अंदर हैं, वो कैसी हैं? ठीक हैं?"

मी म्हणालो, "देखता हूँ."

काउंटरवर गेलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, त्या केव्हाच्या जाग्या आहेत, तुमचं नाव दोनदा पुकारलं. घड्याळात बघितलं तर तास होऊन गेला होता. पडद्यामागे प्रणोती पलंगावर पाठ टेकून बसली होती. हाताला पट्टी, ओठ कोरडे, केस एका बाजूला आलेले. मी तिच्याजवळ गेलो, थर्मास ठेवला, आणि एवढ्या दिवसांच्या तयारीनंतर जे पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं होतं:

"किती निघाली?"

"सात," ती म्हणाली.

मग मी चहा ओतला. दोन कप आणले होते, पण तिला तेव्हा चहा चालत नव्हता. दोन्ही मीच प्यायलो.

परत येताना हॉलमध्ये ते सिहोऱ्याचे गृहस्थ नव्हते. त्यांची खुर्ची रिकामी होती. ते घेणारे होते की नाही, आणि असले तर कोणाचं, हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. घरी बाबांनी सातपैकी सात म्हणून दुपारी पेढे आणले. आईने पेढा आधी प्रणोतीच्या हातावर ठेवला, मग देवापुढे. असं आमच्या घरात पूर्वी झालेलं नाही.

त्या माणसाचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहून गेला. तो मी तीन दिवस जवळ बाळगला, कारण तो कसा विचारतात याचा मला सराव नव्हता, आणि लौकीवर तो करता येण्यासारखा नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती वह्या तपासत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "तू कशी आहेस?"

ती आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघू लागली, मागून कोणी आलं आहे का म्हणून. कोणी नव्हतं. तेव्हा तिने लाल पेनाचं टोपण लावलं आणि उत्तर दिलं. उत्तराला दीड तास लागला. त्यात इंजेक्शनांच्या अकरा संध्याकाळी होत्या, भाजीचं मीठ होतं, दिल्लीचे ते सहा आठवडे होते, आणि मला अजिबात माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी होत्या. मी मध्ये बोललो नाही. दोन-तीन ठिकाणी स्पष्टीकरण देता आलं असतं.

ते उत्तर इथे देत नाही. त्याचं कारण आहे. ही हकिकत मी आजपर्यंत चौदा जणांना सांगितली. सहा जणांनी विचारलं, मूल कोणासारखं दिसेल. चौघांनी विचारलं, बदल्यात काय मिळालं. दोघांना लौकीचं पुढे काय झालं हे हवं होतं. एकाने परवानगीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि एकाला अगदी मध्येच फोन आला. ती कशी आहे, असं चौदापैकी कोणीही विचारलं नाही. पंधरावे आपण. पेढ्यांपाशी मी जरा रेंगाळलो होतो, आपल्याला हे विचारायला वाव मिळावा म्हणून.

माझी तक्रार नाही. मला स्वतःला लग्नानंतर आठ वर्षं लागली, आणि तीही सिहोऱ्याच्या एका अनोळखी माणसाने आठवण करून दिल्यावर. मात्र केवळ माहितीसाठी, आपण आपल्या घरात हा प्रश्न शेवटचा कधी विचारला ती तारीख खालील जागेत लिहावी. तारीख आठवत नसल्यास रकाना कोरा सोडू नये, 'निरंक' असं लिहावं.